जुनी टाकी, खारं पाणी आणि न दिसणारं काम



आजचा विषय ऐकून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी फोन केला. म्हणाले, "आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता माशांच्या टाकीवर बोलणार?" आम्ही म्हटलं, या आणि ऐका, मग ठरवा. ते आज समोर बसलेत, म्हणजे निम्मं काम झालंच.

गोष्ट अशी. यंदा पावसाळ्याआधी आमच्या सोसायटीतलं एक तरुण जोडपं बदलीमुळे पुणं सोडून निघालं. त्यांच्याकडे तीन फुटांची काचेची टाकी होती. खाऱ्या पाण्याची, म्हणजे समुद्रातले मासे ठेवायची. आमच्या नातवाचा तिच्यावर केव्हापासून डोळा. आम्ही किंमत विचारायला गेलो, तर तो मुलगा म्हणाला, "काका, पैसे काय द्यायचे ते द्या, पण आधीच सांगतो, ही टाकी लाभत नाही. तीनदा मासे आणले, तिन्ही वेळा आठ-दहा दिवसांत गेले. अपशकुनीच आहे."

टाकी अपशकुनी! आमच्यातला मास्तर तिथेच जागा झाला. काच, सिलिकॉन, पाणी. यात शकुन-अपशकुन बसतो कुठे? आणि बसत नसेल, तर मासे मेले कशाने? त्या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि त्याने आम्हाला थेट एकोणिसाव्या शतकातल्या सिसिलीत आणि लंडनमध्ये नेऊन सोडलं. आज त्या वाटेवरून आपण सगळेच जाऊन येऊ.

सुरुवात घरच्याच एका जुन्या वादापासून करतो. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात डोळ्याला वस्तू कशी दिसते यावर चर्चा आहे. नैयायिकांचं म्हणणं असं की डोळ्याचा किरण वस्तूपर्यंत पोचतो, तेव्हा ती दिसते. प्रतिपक्षी म्हणतो, मग काच, अभ्रक, स्फटिक यांच्या आडची वस्तू कशी दिसते? तिथे तर मध्ये आडकाठी आहे. उत्तर असं की काच अडवत नाही, भिंत अडवते. आज आपण डोळ्यातून किरण निघतो असं मानत नाही, तो भाग सोडून द्या. पण 'काच अडवत नाही' हे उत्तर ध्यानात ठेवा. काचेतून सगळं दिसतं असं आपल्याला वाटतं. टाकीपुढे उभं राहिलं की तर फारच वाटतं. आज आम्हाला सांगायचंय ते एवढंच, की टाकीत जे सगळ्यात महत्त्वाचं असतं ते काचेतून दिसतच नाही. आणि टाकीचा इतिहास म्हणजे ते न दिसणारं काम कुणी केलं, आणि ते आपल्या ध्यानात यायला किती वर्षं लागली, याचा इतिहास.

समुद्रातला जीव काचेच्या टाकीत ठेवून त्याचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक बाई आहे. जान व्हिलप्रू-पॉवर. जन्म 1794 चा, फ्रान्समधल्या एका खेड्यातला. पॅरिसमध्ये त्या कपडे शिवण्याच्या धंद्यात होत्या. लग्नानंतर सिसिलीतल्या मेसिना बंदरात राहायला गेल्या आणि समुद्राच्या नादी लागल्या. आर्गोनॉट नावाचा एक लहान, अष्टपादाच्या जातीचा प्राणी आहे. त्याची मादी कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहते. हा शिंपला ती स्वतः बनवते की शंखातल्या खेकड्यासारखी दुसऱ्याचा ढापते, यावर विद्वानांत वाद होता. मेलेल्या नमुन्यांवरून तो सुटेना. जिवंत प्राणी डोळ्यांसमोर वाढताना पाहायला हवा. म्हणून 1832 च्या सुमारास बाईंनी काचेच्या टाक्या आणि समुद्रात सोडायचे पिंजरे तयार केले, आणि शिंपला त्याच मादीचा असतो हे दाखवून दिलं.

पण मेसिनात समुद्र दाराशी होता. पाणी बिघडलं तर दुसरं आणायचं. खरी अडचण समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची. आपली पुणेकरांचीच म्हणा ना!

तर आता लंडनला चला. साल 1846. ॲना थिन नावाची बाई, वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या एका बड्या धर्माधिकाऱ्याची पत्नी. टॉर्कीच्या किनाऱ्यावर तिला मॅड्रेपोर मिळाले. मॅड्रेपोर म्हणजे दगडी प्रवाळाचा एक प्रकार, फुलासारखा दिसणारा. तिला ते लंडनला न्यायचे होते. प्रवासात आपटून फुटू नयेत म्हणून तिने ते सुई-दोऱ्याने एका स्पंजाला शिवून टाकले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीत घालून घरी आणले. घरी काचेच्या भांड्यांत ठेवले. पाणी दिवसाआड बदलायचं, आणि तेही समुद्रावरून मागवून. हे किती दिवस पुरणार? मग तिने ठरवलं, तेच पाणी पुन्हा वापरायचं, पण त्यात हवा मिसळून. उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतायचं. वरून धार धरून, अर्धा-पाऊण तास. पुढे तिने समुद्री वनस्पतीही त्या पाण्यात ठेवल्या. तिचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले. समुद्रापासून इतक्या दूर हे तोवर कुणाला जमलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की पाऊण पाऊण तास ते पाणी ओतत कोण होतं? घरची मोलकरीण. ॲना थिनचं टिपण 1859 मध्ये छापून आलं, आज तिचा मान इतिहासात पक्का आहे, आणि तो रास्तच आहे. ती बाई मात्र इतिहासात 'मोलकरीण' एवढ्याच नावाने आली. म्हणजे पाहा, लंडनमधल्या समुद्राच्या पहिल्या तुकड्याचा पंप हा एका बाईचा दंड होता. हे काम काचेतून दिसत नाही. याच्याकडे आपण परत येणार आहोत.

त्याच सुमारास दोन गोष्टी जुळून आल्या. इंग्लंडमध्ये काचेवर मोठा कर होता, तो 1845 मध्ये उठला. काच स्वस्त झाली. 1851 चा क्रिस्टल पॅलेस त्याच काचेचा. दुसरी गोष्ट रसायनशास्त्राची. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी काचेच्या एका मोठ्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि वॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. हिशेब साधा. मासा ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायॉक्साइड सोडतो. वनस्पती उजेडात नेमकं उलटं करते. जमाखर्च बरोबर. पण काही दिवसांनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, पाणी निवळलं. मासा, वनस्पती, गोगलगाय असा त्रिकोण पूर्ण झाला. 1850 मध्ये त्यांनी हे शास्त्रीय नियतकालिकात मांडलं, आणि पुढे दोन-तीन वर्षांत समुद्राच्या पाण्यावरही तेच प्रयोग केले.

या कल्पनेला 'समतोल' म्हणत. टाकी म्हणजे स्वतःपुरतं पूर्ण असलेलं जग. आपल्याकडे वेदान्तात घटाकाशाचा दृष्टान्त आहे. घटातलं आकाश वेगळं वाटतं, पण ते महाकाशापासून वेगळं नसतंच. व्हिक्टोरियन माणसाला टाकीची भुरळ नेमकी उलट्या कारणाने पडली. त्याला वाटलं, समुद्राचा एक तुकडा खरोखरच कापून घरात आणता येतो. हा मोह आपण सगळे ओळखतो.

या मोहाला शब्द दिले फिलिप हेन्री गॉस यांनी. उत्तम निसर्गशास्त्रज्ञ, त्याहून उत्तम लेखक आणि चित्रकार. 1853 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांचं 'फिश हाउस' उघडलं. त्यासाठी जीव गोळा करून देणाऱ्यांत गॉस होते. 1854 मध्ये त्यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. तोवर या वस्तूला 'व्हिव्हेरियम' वगैरे नावं होती. 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ झाला तो या पुस्तकामुळे. आणि मग जी लाट आली, काय सांगावं! दिवाणखान्यात टाकी नाही ते घर मागासलेलं. रेल्वेने किनाऱ्यावर जायचं, हातोडी-छिन्नीने खडक फोडायचे, जीव बरण्यांत भरायचे, घरी आणायचे.

आणि घरी काय व्हायचं? आमच्या शेजाऱ्याकडे झालं तेच. आठ-दहा दिवसांत पाणी दुधाळ, वास, आणि मग सगळं गटारात. 1868 मध्ये जे. जी. वुड या लोकप्रिय लेखकाने लिहून ठेवलंय की एके काळी सगळ्या देशाला टाकीचं वेड लागलं होतं, पण पुढे दहातल्या नऊ टाक्या सोडून दिल्या गेल्या. थोडक्यात, घराघरांत जुन्या टाक्या पडून राहिल्या. वापरून टाकलेल्या टाकीची परंपरा टाकीइतकीच जुनी आहे. आमच्या शेजाऱ्याला हे ठाऊक असतं तर त्याने त्या बिचाऱ्या काचेला दोष दिला नसता.

यात किनाऱ्याची काय दशा झाली? गॉस यांचा मुलगा एडमंड याने 1907 मध्ये 'फादर अँड सन' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. लहानपणी वडिलांचं बोट धरून त्याने ओहोटीच्या वेळची खडपातली डबकी पाहिली होती, जिवांनी आणि रंगांनी भरलेली. ती गोळा करणाऱ्यांच्या झुंडींनी कशी ओरबाडली, आणि वडिलांच्याच पुस्तकांनी त्या झुंडींना वाट दाखवली, याची हळहळ त्याने व्यक्त केली आहे. वडिलांनी प्रेमाने लिहिलं, वाचकांनी प्रेमानेच उपटून नेलं. प्रेम खरं असलं तरी हानी होऊ शकते, एवढं यातून शिकावं. आपल्याकडे 2001 पासून प्रवाळ आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. तेव्हा कोकणात गेलात तर खडपातलं काही उचलून आणू नका. पाहा, पाय जपून ठेवा आणि परत या.

बरं, आता आमच्या टाकीकडे. जुनी टाकी घेतली की पहिलं काम म्हणजे तिचा इतिहास विचारणं. अगदी शब्दशः इतिहास. आधी तिच्यात काय होतं? औषधं कोणती घातली? माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात, त्या रोगावर तांब्याचं औषध वापरतात. माशाला ते सोसतं, पण कोळंबी, शंख, प्रवाळ यांना अगदी थोडं तांबंसुद्धा घातक. जुन्या वाळूत, जुन्या दगडात ते मुरून बसतं. शेजाऱ्याने ते औषध वापरलं होतं. म्हणून त्याची वाळू आणि दगड आम्ही घेतलेच नाहीत. फक्त काच घेतली, आणि पाणी भरल्यावर तांब्याची चाचणी केली.

दुसरं काम सांधे. व्हिक्टोरियन टाक्यांना लोखंडाची चौकट आणि पुटी असायची. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजायचं. चौकटीशिवाय नुसती काच काचेला चिकटवायची सोय 1960 च्या दशकात सिलिकॉनमुळे आली. पण सिलिकॉनलाही वय असतं. कडा सुटलेल्या, नखाने सोलून येणारा पट्टा, आत बुडबुडे, हे सगळं पाहावं लागतं. टाकी बाल्कनीत ठेवली, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरलं, आणि आधी एक तृतीयांश, मग निम्मी, मग पूर्ण भरली. दोन दिवस कागद कोरडा. नातू म्हणाला, "आजोबा, झालं की!" तिसऱ्या दिवशी सकाळी एका कोपऱ्याखाली आठ आण्याएवढा ओला डाग. तिसरा दिवस पाहिला नसता तर तो डाग दिवाणखान्यात निघाला असता.

मग आतला सगळा जुना पट्टा ब्लेडने खरवडला. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही, त्यामुळे डागापुरतं ठिगळ लावून भागत नाही. काच स्पिरिटने पुसली, बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन भरलं, आठवडाभर वाळू दिलं आणि पुन्हा तीच परीक्षा. काचेवरचे पांढरे क्षार व्हिनेगरने काढले, साबणाचा थेंब लावला नाही. टेबल भिंतीलगत, पाणसळ लावून तपासलेलं, वर थर्माकोलचा ताव. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी. काच, दगड, वाळू आणि दीडशे लिटर पाणी मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन होतं. हे टीव्हीच्या टेबलाचं काम नव्हे.

आणि पाणी? पुण्यात समुद्र कुठला! इथे पुन्हा गॉस आठवतात. 1854 मध्ये त्यांनी साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड गोड्या पाण्यात मिसळून समुद्राचं पाणी तयार केलं. ते तयार झाल्यावर त्यांनी लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी समुद्री वनस्पती ठेवल्या, आणि मग आठवडाभराने प्राणी. का थांबायचं, याचं पुरतं कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हात शहाणा होता. आज मीठ तयार पिशवीत मिळतं. आरओचं पाणी, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ, म्हणजे दीडशे लिटरला सव्वापाच किलो. वेगळ्या पिंपात दिवसभर ढवळत ठेवायचं, घनता 1.025 आली की टाकीत. आणि एक गंमत सांगतो, पाणी उडून जातं पण मीठ उडत नाही. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याची घालायची. खाऱ्याची घातली तर टाकीचा हळूहळू मृत समुद्र होतो.

इतकं झालं. टाकी स्वच्छ, पाणी नितळ, पंप चालू. नातू म्हणाला, "आता मासे?" त्याचा वाढदिवस बारा दिवसांवर. आणि नेमकी इथेच शेजाऱ्याची चूक झाली होती, दहातल्या नऊ व्हिक्टोरियन घरांत झाली होती, आणि आम्हीही पूर्वी केलीय. आमचा मुलगा लहान असताना गोड्या पाण्याची टाकी आणली होती. तिसऱ्या दिवशी मासे सोडले, पंधरवड्यात एकही उरला नाही. मुलाने विचारलं, "बाबा, पाणी तर स्वच्छ होतं ना?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तत्त्वज्ञानातली पदवी होती, उत्तर नव्हतं.

उत्तराचा अर्धा भाग विल्यम आल्फर्ड लॉइड या माणसाने हाताने शोधला. लंडनमध्ये त्याचं टाक्या आणि समुद्री जीव विकायचं दुकान होतं. धंदा बुडाला, पण ज्ञान राहिलं. 1871 मध्ये क्रिस्टल पॅलेसजवळ जे मोठं मत्स्यालय उघडलं, त्याची व्यवस्था त्याची. लोकांना दिसतात त्या टाक्यांच्या कितीतरी पट पाणी त्याने खाली, अंधाऱ्या हौदात ठेवलं. वरच्या टाक्यांतलं पाणी खाली जायचं आणि पंपाने परत वर यायचं, अहोरात्र. पाणी बदलायचं नाही, फिरवायचं. आपल्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झालं. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत ते पाहिलं असेल. तेव्हा आपण सगळे काचेपुढे उभे होतो. काचेमागे कोण उभं असतं, पाणी कोण राखतं, हे किती जणांनी विचारलं? आम्ही तरी नाही.

पण पाणी फिरल्यावर नेमकं सुधारतं कशाने? आता या कथेतला आम्हाला सगळ्यात आवडणारा भाग. समतोलाची कल्पना मांडणारे वॉरिंग्टन आठवतात ना? मासा, वनस्पती, गोगलगाय. 1850 मध्ये त्यांनी ते मांडलं तेव्हा त्यांचा मुलगा बारा वर्षांचाही नव्हता. त्याचंही नाव रॉबर्टच. वडिलांच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकून तो पुढे शेतीच्या मातीचा अभ्यासक झाला, रोथमस्टेडच्या प्रयोगक्षेत्रावर. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्स यांनी दाखवलं, की सांडपाणी वाळू आणि चुनखडीच्या थरातून हळूहळू झिरपू दिलं की त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होतं. पण लगेच नाही, काही दिवस गेल्यावर. आणि त्या थराला क्लोरोफॉर्मची वाफ दिली की हे काम बंद पडतं. रसायनाला भूल चढत नाही. जिवाला चढते. म्हणजे काम करणारे जिवंत आहेत! धाकट्या वॉरिंग्टन यांनी रोथमस्टेडच्या मातीवर हे पडताळून पाहिलं, आणि पुढे हे काम दोन टप्प्यांत होतं, अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, हेही दाखवलं. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी ते जिवाणू वेगळे काढले.

वडिलांच्या त्रिकोणात एक कोपरा राहून गेला होता. माशाच्या विष्ठेतून, कुजक्या पानातून अमोनिया सुटतो, तो विषारी असतो. समुद्राचं पाणी अल्कधर्मी, त्यामुळे तिथे तो अधिकच जहाल. वडिलांच्या भांड्यातही हे जिवाणू वाळूत, दगडांवर, काचेवर काम करत होतेच. पण ते हिशेबात नव्हते. तो कोपरा मुलाला सापडला, आणि तोही टाकीत नाही, शेतात. वडील 1867 मध्येच गेले होते. त्यांना हे कळलं नाही.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दूध नासवणाऱ्या जिवाणूंचे तासाभरात एकाचे चार होतात, यांना एकाचे दोन व्हायला दिवस लागू शकतो. म्हणून नव्या टाकीला, आणि धुऊन घेतलेली जुनी टाकी नवीच असते, महिना-दीड महिना रिकामं चालवावं लागतं. अगदी थोडा अमोनिया आत घालायचा, किंवा कोळंबीचा एक तुकडा, आणि रोज तपासायचं. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. दोन्ही शून्यावर आली की टाकी तयार. शेजाऱ्याने दर वेळी मासे मेले की टाकी घासूनपुसून लख्ख केली होती. म्हणजे दर वेळी त्याने कामगारच धुऊन टाकले. अपशकुन तो एवढाच.

नातवाच्या वाढदिवसाला टाकी रिकामीच होती. तो रुसला. दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "आजोबा, आज माझी चाचणी करायची पाळी." तेव्हापासून नळीतल्या पाण्याचा रंग पाहून वहीत आकडे तोच लिहितो.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी जोराचा पाऊस आला आणि वीज गेली. तास झाला, दीड तास झाला, पंप बंद. या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. नातू घाबरला. आम्ही मग घेतला आणि पाणी वर उचलून धार धरून परत ओतू लागलो. 74 व्या वर्षी, मित्रहो, दहा मिनिटांत खांदा बोलू लागला. अर्धा-पाऊण तास म्हणजे काय ते तेव्हा कळलं. व्याख्यानात 'अर्धा-पाऊण तास' म्हणायला अर्धं सेकंद लागतं.

तेवढ्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई आल्या. मेणबत्तीच्या उजेडात आम्हाला पाहून म्हणाल्या, "काका, आत मासा एक नाही, कुणासाठी चाललंय हे?" नातवाने सांगितलं, दिसत नाहीत असे खूप जण आहेत आत. त्यांनी पदर खोचला, म्हणाल्या, "द्या इकडे," आणि मग हातातून घेतला. वीज येईपर्यंत त्या आणि नातू आळीपाळीने ओतत होते. आम्ही खुर्चीत बसलो होतो. आणि बसल्या बसल्या लक्षात आलं, की 1847 मधलं लंडनचं घर आपल्याच दिवाणखान्यात आलंय. प्रयोग आमचा, टिपण आमचं, व्याख्यान आमचं, आणि दंड दुसऱ्याचा.

हे तुम्हाला सांगण्याआधी आम्ही ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नावबिव नको, पण मी ओतलं एवढं सांगा." तर सांगतो. त्या रात्री टाकी त्यांनी जगवली.

सहाव्या आठवड्याच्या अखेरीस नातवाच्या वहीत अमोनियापुढे शून्य आणि नायट्राइटपुढे शून्य असं सलग तीन दिवस लागलं. येत्या रविवारी हॅचरीत वाढवलेले दोन क्लाउनफिश येतील. दोनच. समुद्रातून पकडलेले नाहीत. पाहुणे येतील, काचेपुढे उभे राहतील आणि म्हणतील, "काय सुंदर मासे आहेत!" आहेतच. पण नातवाने आत्ताच ठरवून ठेवलंय, की आलेल्या माणसाला तो आधी मागचा दगड दाखवणार. तपकिरी, ओबडधोबड, काहीच न दिसणारा. आणि सांगणार, खरं काम इथे चालतं.

आमचे सहकारी अजून बसलेत, उठून गेलेले नाहीत. तेव्हा विषय चुकला नसावा. प्रश्न असतील तर विचारा.